कुंभिवलीच्या तालमीला वस्ताद हवा

मी एक जुना मुद्गल आहे, मित्रांनो. पहिलवान दोन्ही हातांनी उचलून डोक्यामागून फिरवतात ना, तो लाकडी मुद्गल. खालापूरजवळच्या कुंभिवली गावात माझा जन्म झाला. नामा वस्तादांनी शिसवीचा एक ओंडका आणला आणि सुताराकडून मला घडवून घेतले. वजन वीस शेर. पहिल्या दिवशी वस्तादांनी मला तेल चोळले, कुंकू लावले आणि तालमीतल्या लाल मातीशेजारी उभे केले.

पुढची वीस वर्षे माझ्या सुखाची होती. चैत्रातल्या जत्रेत मानाचा फेटा कुंभिवलीलाच मिळायचा. गडी जिंकून आले की लोक मलाही गुलाल लावायचे. मग प्लेगची साथ आली. तिने गावातली अकरा माणसे नेली, त्यांत नामा वस्तादही गेले.

त्यानंतर सलग तीन जत्रा आम्ही पलीकडच्या कोंडाणे गावाकडून हरलो. तिसऱ्या वर्षी आमचा सर्वांत तगडा गडी पोपट मैदानात उतरला. कोंडाण्याच्या विठूने त्याला असा आपटला की त्याचा उजवा खांदाच निखळला. लोक बैलगाड्यांतून परतले ते रडवेल्या तोंडाने. घरी कोणी गेले नाही. सगळे तालमीच्या ओट्यावर बसले आणि वाद सुरू झाला, की आता वस्ताद कोणाला करायचे?

"नामाचा भाऊ जिता हाय. आबाजीच वस्ताद व्हायला हवा," एकजण म्हणाला.

"आबाजीला गुडघ्यावर हात ठेवल्याबिगर उठता येत नाय!" गजा ओरडला. हा गजा एकही जत्रा चुकवत नसे. ओरडून ओरडून त्याचा घसा बसायचा, पण आयुष्यात कधी मातीत उतरला नव्हता. "घाटावरनं नामी वस्ताद आणा. मंग बघा!"

तेवढ्यात नामा वस्तादांची बायको येसूबाई दारात आली. ती म्हणाली, "कोंडाण्याच्या विठूलाच इचारा. आपलं कुठं चुकतं ते त्याच्यावानी कुनाला ठावं?"

एकच गलका झाला. "वहिनी, ज्यानं नाक कापलं त्याच्या पाया पडू?" आबाजी म्हणाला.

पाटलांनी शेवटी निर्वाणीचे सांगितले, "दिवाळीपतूर वस्ताद ठरला नाय, तर तालमीत पेंढा भरीन. जागा माजी हाय."

मित्रांनो, त्यानंतर सात महिने रोज संध्याकाळी वाद झाला. आबाजीची माणसे ओट्याच्या एका टोकाला बसत, गजाची दुसऱ्या. त्यांनी एकमेकांच्या घरचे पाणी सोडले. मात्र माती कोणी खणली नाही. ताक आणि तेल घालून मऊ ठेवायची ती माती दगडासारखी झाली. दोन गडी घाटात रेल्वेच्या कामावर गेले, एक मुंबईच्या गिरणीत गेला. पोपट तेवढा रोज येई. फडक्यात बांधलेला हात छातीशी धरून भिंतीला टेकून बसे. त्याच्याकडे कोणी पाहत नसे. मी तर दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला टेकवलेला होतो.

दिवाळीला चार दिवस उरले. त्या संध्याकाळी आबाजी गजाला म्हणाला, "तुज्या बापानं तरी कदी लंगोट बांधला व्हता का रं?" गजाचे भान सुटले. त्याने मला उचलले आणि आबाजीवर उगारले. पण माझे वजन त्याला पेलवले नाही. मी मागच्या मागे उंबऱ्यावर आदळलो आणि मला उभी भेग गेली. ज्या हातांनी मला कधी फिरवले नव्हते, त्या हातांनी मला माणूस मारायला उचलले होते!

पोपट उठला. त्याने मला डाव्या हाताने उचलून डाव्या खांद्यावर घेतले आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच मला घेऊन तो पळसदरीवरून कोंडाण्याला जाणाऱ्या वाटेला लागला. दहा पावलांवर थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा चालायचा. दिवस कलता कलता आम्ही कोंडाण्याला पोहोचलो.

विठू खळ्यावर भात झोडत होता. पोपटने मला त्याच्यापुढे ठेवले. "विठू, आमचा वस्ताद हो. नायतर तालीम गेली आमची."

विठूने आधी त्याच्या हातावरचे फडके सोडले. खांदा चाचपून पाहिला. त्याचा चेहरा पडला.

"ह्यो तवाच बसवला असता तर चार दिसांत बसला असता रं. आता नाय बसायचा. सात म्हैने काय करत व्हतात तुमी?"

पोपट खाली मान घालून म्हणाला, "वस्ताद कोन, ते ठरवीत व्हतो."

विठूने फडके पुन्हा त्याच्या हाताला बांधले. "मीच पाडलं तुला," एवढेच तो म्हणाला. त्याला आपले गाव सोडून येणे शक्य नव्हते. पण त्याने पोपटला पाच दिवस घरी ठेवून घेतले आणि आमचे गडी कुठे चुकतात, पाय कुठे फसतो, ते सगळे मातीत बोटाने रेघा ओढून दाखवले.

आम्ही परतलो तेव्हा तालीम आढ्यापर्यंत पेंढ्याने भरलेली होती. ओट्यावर वाद चालूच होता. पोपटने मला खाली ठेवले आणि डाव्या हाताने पेंढ्याची एक पेंडी ओढून बाहेर टाकली. मग दुसरी. लोक बघत राहिले; पाटलांनीही अडवले नाही. येसूबाई आली आणि तीही पेंड्या ओढू लागली. थोड्या वेळाने आबाजी गुडघ्यावर हात ठेवून उठला.

गजाने विचारले, "पन मंग वस्ताद कोन?"

आबाजीने एक पेंडी ओढून त्याच्या हातात दिली.

पुढच्या चैत्रात कुंभिवलीचा एकही गडी जत्रेत उतरला नाही. पोपटचा उजवा हात पुढे कधीही डोक्याच्या वर गेला नाही, म्हणून मला त्याने पुन्हा फिरवले नाही. मी तालमीच्या भिंतीशी उभा असतो. दर पाडव्याला तो डाव्या हाताने मला तेल चोळतो, भेगेतही बोट घालून.

मित्रांनो, तुमचाही एखादा आवडता गडी असेल. तो हरून आला, की त्याला कोणी शिकवावे यावर खुशाल भांडा. पण आधी त्याच्याजवळ जा आणि त्याला कुठे लागले आहे ते बघा.