रांगोळीतली भिंत

गावाचा नकाशा गावानंच काढायचा आणि हापसा कुठं घ्यायचा तेही गावानंच ठरवायचं, असं पाणी योजनेच्या साहेबांनी सांगितलं. चावडीपुढं सडा पडला. बायांनी रांगोळीचं भांडं केशरबाईच्या हाती दिलं, तशी तिची थोरली जाऊ कस्तुराबाई जळफळली. गावभर लग्नाच्या रांगोळ्या आपण काढायच्या अन् मान धाकटीला! हापसा तरी आपल्याच दारात यावा, केशरच्या नको, म्हणून तिनं मारुतीला नारळ बोलला होता.

केशरबाईनं वेस काढली, बौद्धवाडा काढला, शेवटी आपली गल्ली काढली.

"लय बेस," भुजंग पाटील म्हणाले. "ह्या अंगणात जागा मोकळी हाय. समद्यांना जवळ." साहेबांनी तिथं मधोमध कुंकवाची चिमूट ठेवली.

कस्तुराबाईनं वाकून पाहिलं. अंगण दोघी जावांचं होतं. वाटणीत मधोमध घातलेली भिंत केशरबाई काढायचीच विसरली होती.

"एवढी भिंत दिसली न्हाई व्हय गं तुला?" म्हणत कस्तुराबाईनं भांडं हिसकलं आणि रेघ मारली. कुंकवावरून रेघ ओढत नाहीत, म्हणून हात आपोआप स्वतःच्या घराकडं सरकला. रेघ मात्र दोरीसारखी सरळ.

"आक्का," केशरबाई हळूच म्हणाली, "कुंकू माझ्या बाजूला आलं की."

बाया फिदीफिदी हसल्या. केशरबाई रेघ पुसायला वाकली, तसा कस्तुराबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. माझी रेघ हाय ती. तू पुसायची न्हाई."