वीसपैकी चार

प्राध्यापक स्ट्राउडला ब्रिटा हौगेन डोळ्यांसमोर नको असायची आणि ब्रिटाला तो. पण तिची टीएची, म्हणजे अध्यापन सहायकाची, नेमणूक त्याच्या सहीवर चालायची. सही गेली की फीमाफी गेली. मग पीएचडी अर्धवट टाकून ड्युलुथला बापाच्या टायरच्या दुकानात उभं राहायचं.

सोमवारी सगळ्या टीएंदेखत तो म्हणाला, "तुझा हात सैल आहे. गचाळ अक्षर दिसलं की तुला माया सुटते. मला पहिल्या पानावरच कळतं पोराच्या डोक्यात काय आहे ते. शुक्रवारी नमुना तपासणीत बघतो. तिथंही हेच दिसलं, तर जानेवारीपासून तुझं तू बघ."

नमुना तपासणी म्हणजे उत्तरवह्यांच्या गठ्ठ्याला हात घालण्याआधी सगळ्यांनी एकच वही तपासायची, म्हणजे गुण देणारे हात जुळतात. वही निवडायचं काम स्ट्राउडने आळसापोटी ब्रिटावरच टाकलेलं. तिथंच गडी फसला.

प्रश्न तो दरवर्षी तेच काढायचा. विभागाच्या कपाटात त्याने स्वतः टाइप केलेलं आदर्श उत्तर होतं, खाली ऐटबाज सही. ब्रिटाने ते परीक्षेच्या निळ्या वहीत उतरवून काढलं, डाव्या हाताने. अक्षर असं की कोंबडीला लाज वाटावी.

शुक्रवारी नाव झाकलेल्या प्रती वाटल्या. ब्रिटाने अठरा दिले, शेजारी बसलेल्या रामिरो नावाच्या टीएने सतरा. स्ट्राउडने एक पान उलटलं न उलटलं.

"चार! आणि तुम्ही अठरा देताय? शुद्धीवर आहात ना?"

"सर, शेरा पण लिहा ना. फाइलला लावायचाय."

त्याने झोकात लिहिलं, 'लेखकाला विषयाचा गंध नाही.' वर सही ठोकली.

ब्रिटाने पिशवीतून कपाटातला तो टाइप केलेला कागद काढला. "मग हाही लावते. शब्दन् शब्द तेच आहे. सही पण तीच."

रामिरोला तोंडातल्या बेगलचा ठसका लागला. स्ट्राउडचे कान लाल झाले.

"ही हरामखोरी आहे!"

"नाही सर, तपासणी आहे. नमुना फाइल सोमवारी विभागप्रमुखांकडे जाते. माझ्या नेमणुकीचा कागदही तिकडंच जायचाय. दोन्ही एकदम नेऊ, की नुसती नेमणूक नेऊ?"

त्याने नेमणुकीवर कागद फाटेल इतक्या जोरात सही केली. "दुसरी वही लाव. आणि ही मला दे."

"ही माझ्याकडेच बरी," ब्रिटा म्हणाली.

जानेवारीत वेळापत्रक लागलं. आठवड्यातले सकाळी आठचे तिन्ही वर्ग तिच्या माथी मारलेले, बाहेर उणे पंचवीस. ब्रिटा बुटांवरचा बर्फ आपटत यायची, शिव्या घालत. वर्गात जाण्याआधी मात्र न चुकता स्ट्राउडच्या दाराखालून एक कोरी निळी वही आत सरकवायची.