उंबऱ्यावर ठेवलेलं पत्र

माझी माय मैनाबाई नागपुरात बर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये लेडीज डोअरकीपर होती. बायकांच्या दारावर उभं राहायचं, तिकीट फाडून अर्धं परत द्यायचं, उशिरा आलेल्यांना बॅटरी दाखवून जागेवर नेऊन बसवायचं. तेरा वर्षांत तिने शेकडो पिक्चर पाहिले, पण सगळे तुकड्यातुकड्यांनी. कुठलाही पिक्चर तिला धड सांगता येत नसे. म्हणून १९८१च्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी ती पाचपावलीतल्या आमच्या घरी आली, चप्पल न काढताच बाबांच्या मागाजवळ उभी राहिली आणि एक अख्खा पिक्चर सांगू लागली, तेव्हा मला नवल वाटलं.

पिक्चरचं नाव ‘पुल नंबर सात’. एक नवा सरकारी पूल पडतो, माणसं मरतात. मंत्री सांगतो, पुराने पडला. ज्या तरुण इंजिनिअरने पुलाला तडे गेल्याचं आधीच कळवलेलं असतं, त्यालाच तुरुंगात घालतात. त्याचं पत्र कचेरीतून नाहीसं होतं, आवक रजिस्टर रातोरात बदलतं. त्याची बायको पत्राच्या शोधात दारोदार फिरते, तिच्या मागे माणसं लागतात. आणि एके दिवशी सकाळी तिला आपल्याच उंबऱ्यावर ते पत्र सापडतं.

“कापडात गुंडाळलेलं,” माय म्हणाली. “ते कापड पडदाभर दाखवलं त्यायनं. आपल्या बुढ्याची करवतकाठ आहे ते. सात दात झाले का एक हिरवा धागा. नागपुरात दुसरं कोणी तसं विनत नव्हतं.”

बुढा म्हणजे माझे आजोबा. लुगड्याच्या काठावर करवतीसारखे दात विणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि प्रत्येक सात दातांनंतर एक हिरवा धागा ही त्यांची खूण होती. ते जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती.

हातातला विणायचा धोटा बाबांनी खाली ठेवला आणि उठून मोरीकडे तोंड धुवायला गेले.

बाबांचं नाव मारोतराव. आमच्या गल्लीत मागावरून उठून सरकारी खुर्चीवर बसलेले ते पहिले. एका मोठ्या कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, रजिस्टरात चढवायचा, साहेबांकडे पाठवायचा. अक्षर मोत्यासारखं. ते सकाळी सायकल काढत तेव्हा आजोबा माग थांबवून त्यांच्याकडे पाहत असत, हे मला आठवतं. १९६७ साली मी दहा वर्षांची होते. त्या दिवाळीच्या तोंडावर त्यांची नोकरी गेली. कारण लिहिलं होतं, कामावर दारू पिऊन आले.

बाबांनी दारूला कधी हात लावला नव्हता. पण सरकारी कागदावर लिहिलेलं म्हटल्यावर लोकांना खरं वाटलं. माझ्या मोठ्या आत्याला सासरी यावरून ऐकून घ्यावं लागलं. माय एकदाच म्हणाली होती, हे खोटं आहे तर सांगत काहून नाही. मग बाबा परत मागावर बसले, माय टॉकीजच्या दारावर उभी राहिली, आणि त्या गोष्टीवर घरात कोणी बोललं नाही.

मंगळवारी गर्दी कमी असते म्हणून मायने बाबांना मंगळवारच्या मॅटिनीला नेलं. मीही शाळेतून अर्धी सुट्टी काढून गेले. मी तेव्हा इतवारीत शिकवत होते. आम्ही मागच्या रांगेत बसलो. पिक्चर सुरू होण्याआधी पडद्यावर काळ्या रंगावर पांढरी अक्षरं आली. हिंदीत लिहिलं होतं की हा चित्रपट त्या अनोळखी माणसासाठी आहे, ज्याने एका पावसाळी सकाळी आमच्या उंबऱ्यावर एक पत्र ठेवलं आणि आम्हाला आभार मानायची संधी न देता निघून गेला.

बाबांनी ते वाचलं. मग त्यांनी माझा हात धरला. मी मोठी झाल्यावर त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. पुढचे अडीच तास तो त्यांच्या हातात होता.

पिक्चरमध्ये कारकून फक्त पाठमोरा दिसतो. एका बंद खोलीत बसून तो रजिस्टर नव्याने लिहितो, एवढंच. इंजिनिअरच्या बायकोच्या दारात ठेवलेलं कापड उलगडलं जातं तेव्हा टॉकीजमधल्या बायका डोळे पुसत होत्या. माय दाराशी उभी राहून पडद्याकडे नाही, आमच्याकडे पाहत होती.

शो सुटल्यावर बाबा लगेच उठले नाहीत. झाडणाऱ्या बाया आल्या, खुर्च्या खाडखाड उघडू-मिटू लागल्या, तेव्हा तिथेच बसून त्यांनी आम्हाला सांगितलं.

पूल नव्हता, पाण्याची टाकी होती. उमरेडच्या पुढच्या एका गावात नवी बांधलेली, उंच. तिच्या सावलीत आठवड्याचा बाजार भरायचा. एप्रिलमध्ये तिथल्या ज्युनियर इंजिनिअरचं पत्र आलं, खांबांना तडे आहेत, टाकी भरू नका. बाबांनीच त्याला नंबर दिला, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मे महिन्यात बाजाराच्या दिवशी टाकी खाली आली. नऊ माणसं गेली. आदल्या संध्याकाळी थोडं आभाळ आलं होतं, तेवढ्यावर सरकारने जाहीर केलं की वीज पडली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बाबांना खोलीत बसवलं. कोरं रजिस्टर दिलं आणि सांगितलं, एक एप्रिलपासून सगळं उतरवून काढ, तो एक नंबर सोडून. मधे मधे शाई बदलायची, टाक बदलायचा, म्हणजे रोजच्या रोज लिहिल्यासारखं दिसेल. बाबांनी दोन दिवस बसून ते लिहिलं. शेवटी जुनं रजिस्टर आणि ते पत्र कचेरीच्या मागे जाळायचं ठरलं. आगीत टाकताना बाबांनी पत्राच्या जागी स्टेशनरीचा जुना मागणी-कागद घडी करून टाकला. पत्र शर्टाच्या आत ठेवलं.

“का ठेवलं ते मलेच माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “देतो कोणाले, असं काही मनात नव्हतं. फक्त जाळवलं नाही.”

वीज पडल्याचं गावातलं कोणी मानेना. विधानसभेत प्रश्न आला. तेव्हा सरकारने बोलणं फिरवलं आणि सगळा दोष त्या ज्युनियर इंजिनिअरवर टाकला, त्याने काहीच कळवलं नाही म्हणून. ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. बाबांनी पेपरात वाचलं. त्यानंतर अकरा दिवस ते पत्र घेऊन कचेरीत जात होते आणि घरी येत होते. बाराव्या दिवशी सकाळी झडीच्या पावसात ते धंतोलीत इंजिनिअरच्या भाड्याच्या खोलीवर गेले, आजोबांच्या मागावरल्या तुकड्यात गुंडाळलेलं पत्र उंबऱ्यावर ठेवलं, कडी वाजवली आणि सायकलवर बसून निघाले.

खटला चाललाच नाही. महिन्याभराने ती खोली रिकामी दिसली. पेपरात एक अक्षर आलं नाही. बाबांना वाटलं, पत्र फुकट गेलं, नाहीतर त्या लोकांनाच कोणी गप्प केलं. पण साहेबांना मात्र कळलं होतं की पत्र जळालं नाही. चोरीचा आरोप ते लावू शकत नव्हते, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तसं पत्र कधी आलंच नव्हतं. म्हणून त्यांनी दारू लिहिली.

“मंग आमाले काहून नाही सांगतलं?” मायने विचारलं.

“काय सांगू वं,” बाबा म्हणाले. “खोटं रजिस्टर मायाच हातचं होतं.”

संध्याकाळचा शो सुरू व्हायचा होता. पदराने डोळे पुसून माय आपल्या दारावर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने टॉकीजचे मॅनेजर गुलाबचंद यांना सगळं सांगितलं. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं. गुलाबचंद भला माणूस. त्यांनी त्याच दिवशी डिस्ट्रिब्युटरच्या पत्त्यावर चिठ्ठी लिहिली आणि सात दातांची, हिरव्या धाग्याची खूणही कळवली. पुढच्या दोन आठवड्यांत माय रोज तिन्ही शोंमध्ये ते कापड पाहत होती. ते पडद्यावर यायची वेळ झाली की दार दुसऱ्या बाईवर सोपवून ती आत जायची.

तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी आमच्या दारात सायकलरिक्षा थांबली. पन्नाशीकडे झुकलेला, कानांजवळ केस पांढरे झालेला एक माणूस आणि खादीची साडी नेसलेली बाई उतरली. तो इंजिनिअर ओमप्रकाश आणि ती त्याची बायको अरुंधती. पिक्चरची गोष्ट तिनेच लिहिली होती. ते आता जबलपूरला राहत होते. चिठ्ठी मिळताच निघाले होते.

अरुंधतीबाईंनी पिशवीतून एक डबी काढली. तिच्यात तो तुकडा होता. कडा विरल्या होत्या, रंग मात्र तसाच. बाबांनी तो हातात घेतला आणि काठावरून अंगठा फिरवला, जसा आजोबा विणकाम झाल्यावर फिरवायचे.

मग त्या दोघांनी आम्हाला आपली बाजू सांगितली. पत्र मिळालं त्याच दिवशी ती वकिलाकडे गेली. पत्रावर कचेरीचा आवक नंबर होता, म्हणजे रजिस्टर बदललेलं होतं हे उघड होतं; वकिलाने पत्राची नक्कल सरकारकडे पाठवली. सरकार घाबरलं आणि गुपचूप खटला मागे घेतला, पण अटीवर. ओमप्रकाशने राजीनामा द्यायचा, तोंड उघडायचं नाही. त्यांचं मूल तेव्हा आठ महिन्यांचं होतं. त्यांनी अट मानली. ती सल अरुंधतीबाईंच्या मनात राहिली, आणि चौदा वर्षांनी गोष्ट बदलून का होईना, तिने ती पडद्यावर आणली. सेन्सॉरने तीन ठिकाणी कापलं, पण उंबऱ्याचा प्रसंग वाचला.

बाबा खाली मान घालून ऐकत होते. नंतर त्यांनी हात जोडले आणि रजिस्टरचं सांगितलं. दोन दिवस बसून लिहिल्याचं, शाया बदलल्याचं, अकरा दिवस पत्र दाबून ठेवल्याचं. ते अकरा दिवस ओमप्रकाश तुरुंगात होता, हे त्यांनी स्वतःहून म्हटलं.

ओमप्रकाश मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्याचं मराठी हिंदीच्या वळणाचं होतं.

“मारोतराव, मला सात वर्षांची शिक्षा झाली असती,” तो म्हणाला. “तुम्ही अकरा दिवस घेतले. बाकीची वर्षं तुम्ही मला दिली. माझा मुलगा माझ्या मांडीवर वाढला.”

आपल्या बापाला कोणी असं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. माय चहा आणायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आमच्या गल्लीतल्या शोभाताई, ज्या मायला चौदा वर्षं ‘पेताडाची बायको’ म्हणत आल्या होत्या, त्या भिंतीपलीकडून ऐकत होत्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी पाहुण्यांसाठी पाटोडीच्या रश्शाची वाटी पाठवली. मायने ती घेतली.

कोणाला शिक्षा झाली नाही. ते साहेब बढती घेऊन निवृत्त झाले. बाबांच्या कागदावरची दारू आजही कुठल्यातरी कपाटात तशीच लिहिलेली असेल. आम्ही अर्ज केले, उत्तर आलं नाही. पण मला त्याचं आता फारसं वाटत नाही. एका अनोळखी बाईने कापडाचा तुकडा चौदा वर्षं जपला, माझ्या मायने तो अंधारात ओळखला, एका मॅनेजरने वेळ काढून चिठ्ठी लिहिली. या तिघांमुळे मला माझे बाबा मिळाले, नाहीतर ते गप्पच निघून गेले असते.

जायच्या आधी अरुंधतीबाईंनी आणखी एक गोष्ट मागितली. टाकी पडलेल्या गावात ती दरवर्षी जात असे. या वेळी बाबांनी बरोबर यावं, असं तिचं म्हणणं होतं. बाबा नाही म्हणत होते. त्या गावाची बस दिसली तरी ते तोंड का फिरवायचे, हे मला तेव्हा समजलं. शेवटी मायने त्यांचा धुतलेला सदरा खुंटीवरून काढून समोर धरला.

सोमवारी आम्ही सगळे बसने गेलो. टाकीच्या जागी आता रिकामं मैदान होतं, कोणी गोवऱ्या थापल्या होत्या. रंभाबाई नावाच्या बाईच्या घरी गेलो. तिचा नवरा त्या दिवशी टाकीखाली बांगड्यांचं दुकान मांडून बसला होता. अरुंधतीबाईंनी बाबा कोण ते सांगितलं. बाबांनी रजिस्टरचं पुन्हा सांगितलं, उभ्यानेच, तिच्या अंगणात.

रंभाबाई दारातून उतरून अंगणात आली.

“आमी सांगू सांगू थकलो का वीज नव्हती,” ती म्हणाली. “सरकारच्या घरचा एक तरी माणूस तसं म्हणते, हे आज आयकलं. बसा.”

तिने चूल पेटवली. ज्वारीच्या भाकरी केल्या, बेसनाचं चून केलं, वर कच्चा कांदा फोडून दिला. बाबांच्या ताटात तिने दोन भाकरी वाढल्या आणि त्या संपत आल्यावर न विचारता तिसरी वाढली. घरी बाबा कधी दोनच्या वर जेवत नसत. तिथे त्यांनी तिसरीही सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.