डायमंड कॅफेतून दिसलेली जत्रा

स्टेक, दोन अंडी, कांदा भरपूर.

टेबलाखाली खोकं, खोक्यात काळी कोंबडी. खोक्यावर निळी फीत, म्हणजे पहिलं बक्षीस.

दाढीत लाकडाच्या ढलप्या अडकलेला माणूस. दोन मिल्कशेक, एकामागून एक, उभ्याउभ्याच.

"परीक्षकाला डोळे नाहीत हो. त्या वळूचे मागचे पाय बघितलेत?"

साखरेचा गुलाबी कापूस खुर्चीला चिकटला तर कोमट पाण्यानं निघतो. घासलं की पसरतो.

रडून नाक लाल झालेली मुलगी. तिच्या केकवर तो गार करायच्या जाळीचे वळ उमटले म्हणून स्पर्धेतून बाद. व्हॅनिला आइस्क्रीम, दोन गोळे, कॅफेकडून.

एव्हांथियाची जत्रा ही एवढीच. आंधळ्यांच्या हाती हत्ती लागावा तशी ती तुकड्यातुकड्यांनी तिच्या हाती लागत गेली होती: कुणाच्या बुटाला चिकटून आलेली, कुणाच्या तोंडून सांडलेली, काही ताटात उरलेली. खुद्द जत्रा तिनं कधी पाहिली नव्हती.

टॅलाबिनची जत्रा फेब्रुवारीत भरते, म्हणजे इकडच्या दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळ्यात, नदीकाठच्या मैदानावर. डायमंड कॅफेच्या दारात उभं राहिलं की लाउडस्पीकरवरचा आवाज ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाहीत. पण त्या दिवशी दारात उभं राहायला वेळ कुणाला? खाणारी तोंडं पाचपट. तिचे वडील, थिओडोरोस, ग्रीसच्या एका बेटावरून या गावात आले आणि त्यांनी हा कॅफे काढला. एव्हांथिया आणि तिचा थोरला भाऊ मिनास लेमनेडच्या उलट्या खोक्यावर उभे राहून ग्लास विसळायला शिकले. गाव तिला एव्हा म्हणायचं. शाळेतल्या मुली दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "तू पाळण्यात बसलीस का गं?" ती म्हणायची, "बसले." मग त्यांच्यातल्याच कुणीतरी आदल्या दिवशी तिच्यासमोर बसून सांगितलेलं ती त्यांना परत सांगायची.

आता कॅफे विकला होता. ईस्टरनंतर तिथे विम्याचं ऑफिस येणार होतं. दोघांचीही त्याला ना नव्हती. दोघांचे मिळून चारही गुडघे गेले होते. मिनासला फक्त एक हवं होतं: शेवटच्या जत्रेची संध्याकाळ वडिलांच्या वेळेसारखी व्हावी, एकेक टेबल भरलेलं, रांग फुटपाथवर. त्यानं खाटकाकडे दुप्पट मांस सांगितलं होतं.

एव्हांथियालाही एक हवं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी दोनला कॅफे एकदम ओस पडतो. बक्षीस मिळालेल्या जनावरांची मिरवणूक असते, सगळं गाव तिकडे पळतं आणि पाचला भुकेलेलं परत येतं. मधल्या वेळात कांदा कापायचा, पाव कापायचा, पाण्याचे जग भरायचे. वर्षानुवर्षं असंच.

दोन वाजले. तिनं ॲप्रन सोडला आणि खुंटीला अडकवला.

"कुठे?" मिनासनं विचारलं.

"जत्रेला."

त्याच्या हातातली सुरी थांबली नाही. "कुणाच्या?"

"आपल्याच. मिरवणूक बघते आणि येते. पाचच्या आत."

"आणि कांदा?"

"कांदा तुला चांगला ओळखतो. काप."

"साठी आली आणि बाईला जत्रा सुचली."

"आत्ता नाही तर काय, वर गेल्यावर बघू?"

"वरून फुकट दिसते म्हणतात." त्यानं अजून वर पाहिलं नव्हतं. "टोपी घाल. ऊन आहे."

मैदानाच्या फाटकावर वॉली प्रेंटिस बसला होता. दर गुरुवारी मटण चॉप, मटार वेगळ्या बशीत. तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"एव्हा? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. मीच आलेय."

"कॅफेला आग बिग लागली का?"

"शिक्का मार रे बाबा हातावर, मिरवणूक संपेल."

त्यानं जांभळा शिक्का मारला आणि ती आत जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला, चर्चचं घंटाघर चालत आल्यासारखं.

आत काय होतं? जे होतं ते सगळं तिला माहीत होतं, आणि तरी काहीच माहीत नव्हतं. लाकूडतोड्यांची शर्यत लागली की कुऱ्हाडीचा घाव पायाखालच्या जमिनीतून तळव्यांना कळतो, हे कुणी कधी बोललं नव्हतं. वळूंना साबणानं न्हाऊ घालतात, केस वाळवतात, त्यामुळे गोठ्यात न्हाव्याच्या दुकानासारखा वास येतो, हेही नाही. पाळणा तिच्या मनातल्या पाळण्यापेक्षा बुटका निघाला. भोपळे मात्र सांगणाऱ्यांनी कमीच सांगितले होते. एका भोपळ्यापुढे ती इतका वेळ उभी राहिली, की त्याचा मालक येऊन म्हणाला, "विकायचा नाही हां एव्हा, सूप बीप मनात आणू नकोस."

बायकांच्या मंडळाचा चहाचा तंबू लागला. ती रांगेत उभी राहिली. शेजारच्या टेबलावर उष्टे कप दिसले. पुढच्या क्षणी चार कप तिच्या डाव्या हातावर चढले होते आणि उजवा हात बशा उचलत होता.

"ठेव ते," किटलीमागून डल्सी हॅरिगन म्हणाली.

"सवय गं."

"सवय तुझ्या घरी. इथे माझा तंबू आहे. बस तिकडे. जॅम की क्रीम?"

एव्हांथियानं आयुष्यभर प्रश्न विचारले होते. कांदा घालू? अंडं कसं हवं? टोस्ट पांढरा की तपकिरी? गिऱ्हाइकाच्या बाजूनं काय म्हणायचं असतं, ते तिला आठवेना.

"दोन्ही," ती शेवटी म्हणाली.

जॅम-क्रीम लावलेला गरम स्कोन, छोटा गोल पाव, आला. तो खाली ठेवणारा हात दुसऱ्या कुणाचा होता. तिनं स्कोन सावकाश खाल्ला. क्रीम बोटाला लागलं, ते तिनं चाटलं. येणारे-जाणारे थांबत होते.

"हिला पाय आहेत की," एक म्हातारा बायकोला म्हणाला. "मी आजवर काउंटरच्या वरचीच बघितली होती."

"बरं केलंस हो, एव्हा," डल्सीची बहीण म्हणाली. "एक दिवस तरी दोघांनी सुटी घेतलीत."

"बरं केलंत," आणखी एक जण म्हणाला. तिनं भरल्या तोंडानं मान हलवली.

मग मिरवणूक. घोडे, गायी, छातीवर पट्टे मिरवणारे वळू, एका मेंढीनं फरफटत नेलेली छोटी मुलगी. एव्हांथिया कुंपणाला रेलून बघत होती. गड्यांची नावं तिला एकदम आठवत नव्हती, ताटं आठवत होती. तो तांबड्या वळूचा दोर धरलेला म्हणजे टोमॅटो नको, टोस्ट करपलेला. मागचा पांढऱ्या शर्टातला, मिक्स्ड ग्रिल, गुर्दा वगळून. त्याच्या बापालाही गुर्दा नको असायचा. करपलेल्या टोस्टनं तिला पाहिलं आणि दोर न सोडता दुसऱ्या हातानं टोपी उचलली. ती टोपी तिनं हजारदा खुंटीवर पाहिली होती. डोक्यावरून तिच्यासाठी उचललेली आज पाहिली.

पाच वाजून गेलेले तिला सावल्यांवरून कळले. ती गर्दीबरोबर निघाली. धूळ, घाम, पोरांची कुरकुर, भूक लागली, भूक लागली. बरोबर आहे, तिला वाटलं, या भुकेला आपण ओळखतो. कोपऱ्यावर ती उजवीकडे वळली. गर्दी डावीकडे वळली, पबच्या दिशेनं.

"मिसेस प्रेंटिस," तिनं वॉलीच्या बायकोला हाक मारली, "इकडे नाही का?"

"आज पबातच जेवतोय गं. तुमचं बंद ना?"

"बंद कुठे?"

"तू इथे म्हटल्यावर." मिसेस प्रेंटिसचा नातू तिचा हात ओढत होता. ती गेली.

एव्हांथिया क्षणभर कोपऱ्यावर उभी राहिली. मग जमेल तितक्या भराभर चालत सुटली.

कॅफेत सगळे दिवे लागले होते. टेबलांवर काटे-सुऱ्या मांडलेल्या. पाण्याचे जग भरलेले, बाहेरून घाम आलेले. कापलेल्या कांद्याचा डोंगर. मिनासनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि केस ओले करून विंचरले होते.

"लांबली वाटतं जत्रा," तो म्हणाला.

"संपली."

त्यानं तिच्या पाठीमागे रस्त्याकडे पाहिलं. "मग?"

"मला तिथे बघितलं त्यांनी. त्यांना वाटलं, आपलं बंद आहे."

"तुला बघून?"

"मला बघून."

"दार उघडं होतं. मी उभा होतो की इथे."

मिनासनं हातातला कलथा उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे मी इतकी वर्षं समजत होतो, की कॅफे मी चालवतोय."

"मी जाते पबात. सांगते सगळ्यांना."

"काय सांगशील? दुसऱ्याच्या ताटावरून उठा म्हणून? बाबांनी असं केलं असतं?"

"नसतं."

"मग बस."

"कुठे?"

"बसायच्या जागा कमी आहेत का आज?"

ती खिडकीजवळच्या बाकावर बसली. तो बाक तिनं रोज पुसला होता. बसल्यावर कळलं, त्याची पाठ जरा जास्तच सरळ आहे. तव्यावर मांस चरचरलं.

"कांदा?" मिनासनं तिकडूनच विचारलं.

"भरपूर."

"गावजेवणाचा आहे, काळजी नको."

त्यानं दोन ताटं आणली, समोर बसला, रुमाल कॉलरमध्ये खोचला. रस्त्यावरून कुणीतरी गात पबकडे गेलं. मिनासच्या पापण्या ओल्या होत्या. समोर एवढा कांदा असल्यावर त्याला विचारायचं तरी काय?

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"फाटकापासून. काही गाळू नकोस."

तिनं सांगायला घेतलं. वॉलीचा चेहरा, जमिनीतून येणारा घाव, भोपळा. वळूंपाशी आली तेव्हा त्याचा काटा वाटेतच थांबला.

"साबण? वळूला?"

"केससुद्धा वाळवतात."

"आणि इतकी वर्षं कुणी बोललं नाही."

"त्यांना वाटलं असेल, आपल्याला माहीत आहे."

त्यानं घास गिळला. "उद्या काय असतं मैदानावर?"

"काही नाही. तंबू, पाळणा, सगळं उतरवतात, ट्रकवर चढवतात."

"वळू?"

"सकाळपर्यंत असतील."

"मग सकाळी जाऊ. उद्या कॅफे बंद."

"आणि हा कांदा?"

"कांद्याला काय, त्याच्यापायी रडायला कुणीतरी मिळेल."

टॅलाबिनमधल्या पहिल्या वर्षी, जत्रेच्या दिवशी, थिओडोरोस यांनी कॅफे बंद ठेवला होता; त्यांच्या बेटावर जत्रेच्या दिवशी कुणी दुकान उघडत नसे आणि इथेही तसंच असेल, असं त्यांना वाटलं होतं.