रॉलीचं दुसरं डोकं

मी रॉलीचं डोकं बोलतोय. खांद्यावरचं नव्हे, फळीवरचं. जाड कापडाचा ठोकळा मी, ना नाक ना डोळे. डोक्यात भुसा भरलाय असं कुणी म्हटलं तर भांडणार नाही, कारण तो खरंच भरलाय. पण हल्ली माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तेवढं ऐकून घ्या.

लंडनमध्ये मॉरीन नावाची बाई नटांसाठी केसांचे टोप करते. तिच्याकडे एकदा रॉलंड ऑल्सॉप नावाचा काटकुळा पोरगा नाचत आला, तोच आमचा रॉली. नाटकात तिसऱ्या नोकराचं काम मिळालं होतं! मॉरीननं त्याच्या डोक्याचं माप घेतलं, पट्ट्या गुंडाळून मला तेवढाच केला आणि माझ्या कपाळावर त्याच्या नावाची चिठ्ठी डकवली. तेव्हापासून त्याचा प्रत्येक टोप आधी माझ्यावर चढला, मग त्याच्यावर.

मी न्यायाधीश झालो, रशियन सेनापती झालो, दूधवाला झालो. नाताळच्या खेळात ठसकेबाज आत्याबाई झालो. सिनेमात फासावरही गेलो. एक टोप अंगवळणी पडतोय तोवर टाचण्या उपटायच्या आणि दुसरा चढवायचा! स्वस्थता म्हणून नाही. रॉलीही तसलाच. काम असलं की कुरकुर, संपलं की टेलिफोनभोवती येरझारा.

"मॉरीन, आता मला कुणी बोलावणार नाही."

"गेल्या नाताळातही हेच म्हणालास. चहा पी."

एवढी सोंगं वठवली, पण रॉलीचं नाव कुणाला ठाऊक नाही. बसमध्ये लोक निरखून बघायचे आणि विचारायचे, "तुम्ही आमच्या बँकेत होता ना?"

"हो, कर्ज खात्यात," रॉली बेधडक सांगायचा आणि इथे येऊन खो-खो हसायचा. ते हसणं खरं नसायचं. मला वाईट वाटायचं.

या हिवाळ्यात, साठी उलटल्यावर, त्याला म्हाताऱ्या कप्तानाचं काम मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा नाटकाचा नायक! मॉरीननं पांढरा टोप विणला. मला तो चपखल बसला. तो घालून बघायला आलेल्या रॉलीनं लोकरीची टोपी काढली, तर डोक्यावर एक केस नाही, गाल बसलेले. टोप त्याच्या डोक्यावर गरगर फिरला.

"माप चुकलं तुझं," रॉली म्हणाला.

"माझं माप चुकत नाही. काय झालंय तुला?"

"उपचार चाललेत. कामापुरती ताकद आहे गं. पण दिग्दर्शकाला कळलं तर काम दुसऱ्याला जाईल. तू बोलू नकोस. जन्मभर वाट पाहिलीय मी."

टोप माझ्यावर ठेवून मॉरीननं कात्री उचलली. माझ्या पट्ट्या कापून मला त्याच्याएवढा लहान करायचा तिचा विचार होता. मी घाबरलो. तेवढ्यात टोप बघायला दिग्दर्शकच जिना चढून आला. रॉलीचा हात टोपीकडे गेला, पण उशीर झाला होता.

"रॉली! भूमिकेसाठी मुंडण केलंस? वजनही उतरवलंस? अरे, याला म्हणतात जीव ओतणं! टोप नकोच मला आता."

"कप्तानाला शोभेल असं वाटलं," रॉली शांतपणे म्हणाला. एवढा चांगला अभिनय त्यानं कधी केला नव्हता.

पहिल्या प्रयोगानंतर तो धापा टाकत आला. "लोक उठून उभे राहिले, मॉरीन! बाहेर एका आजीबाईंनी गाठलं. म्हणाल्या, तुम्ही रॉलंड ऑल्सॉप ना?"

"मग?"

"सवयीनं तोंडातून गेलं, छे हो, मी बँकेत होतो! माफ करा म्हणाल्या आणि निघून गेल्या."

दोघं पोट धरून हसली. मग रॉली बराच वेळ माझ्या कपाळावरची चिठ्ठी बघत राहिला.

प्रयोग चालू आहेत, उपचारही. पांढरा टोप अजून माझ्याच डोक्यावर आहे. मॉरीननं कात्री ठेवून दिली; त्याचं जुनं माप मी सांभाळून बसलोय. त्याचे गाल पुन्हा भरले की लागेल. जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटतं, तोच आला.

तुम्ही एवढं करा. बसमध्ये एखादा टकला, लुकडा म्हातारा दिसला तर त्याला नावानं हाक मारा. बँकेत होतो म्हणाला, तर विश्वास ठेवू नका.