खड्ड्यातली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लगेच अदबीने उभे राहू नका; जिच्यासाठी माणसं भांडतात ती मी नव्हे. मी साधी, लाल प्लास्टिकची.

साच्यातून निघाले आणि एका केशकर्तनालयात आले. मालकाला सगळे काका म्हणत. नंबर येईपर्यंत गिऱ्हाईक माझ्यावर बसे, वर्तमानपत्र चाळे आणि साऱ्या जगाला अक्कल शिकवे. पुढे माझा एक पाय मोडला नि माझी रवानगी दुकानामागे झाली.

दुकानासमोरच्या रस्त्यावर एक खड्डा होता. पाइप टाकायला खणला, वर माती लोटली आणि माणसं निघून गेली. काकांनी तक्रारी केल्या. "बघतो," सरकारी कचेरीतले लोक म्हणाले. अहो, बघायला तो काय देखावा आहे?

एकदा खड्ड्यात पाणी साचलं होतं. काका स्कूटरसकट आत गेले. उजवं मनगट मोडलं. न्हाव्याचं उजवं मनगट! डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण वस्तरा धरता येईल की नाही सांगता येत नाही.

हात गळ्यात बांधूनच काकांनी मला ओढत नेलं आणि खड्ड्यात उलटी रोवली. वर आलेल्या पायाला गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड बांधलं. "माझं झालं ते झालं, दुसरं कुणी नको पडायला," म्हणाले. लोक आधी हसले, मग मला बघून वळायला शिकले. काकांची लेकही. ती नर्स, पोटुशी, रोज स्कूटरवरून घरी यायची.

मग एकदाचा सरकारी ट्रक आला. मला वाटलं, डांबर आलं! उतरले साहेब.

"रस्त्यात खुर्ची कुणाची? रहदारीला अडथळा होतोय."

काका धावत आले. "साहेब, अडथळा खड्ड्याचा आहे हो! खुर्ची खुशाल न्या, पण खड्डा बुजवून जा."

"खड्ड्यांचं खातं वेगळं. आमच्याकडे तक्रार खुर्चीची आहे."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला उचलून ट्रकमध्ये फेकलं. संताप असा आला की उरलेले तीन पायही मोडून घ्यावेसे वाटले. तेवढ्यात पाऊस कोसळला. खड्डा काठोकाठ भरला, रस्ता कसा सपाट दिसू लागला. आणि लेकीची घरी यायची वेळ झाली होती. मी दिसले नाही की तिला वाटणार, बुजला एकदाचा. ती सरळ येणार.

काकांनाही ते कळलं. त्यांनी चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात, माझ्या जागी जाऊन उभे राहिले. डावा हात हलवत राहिले. मागून हॉर्न वाजत होते. "ओ काका, मरायचंय का?" कुणीतरी ओरडलं.

लेकीने करकचून ब्रेक दाबला. "बाबा, बाहेर या आधी!"

"तू बाजूने जा. मागून आणखी गाड्या येतायत."

ट्रक वळला आणि मला पुढचं दिसलं नाही.

आता मी जप्तीच्या मालाच्या गोदामात पडून आहे. परवा एक भाजीवाला आपली हातगाडी सोडवायला आला होता. तो सांगत होता, पाऊस लागला की काका अजून तिथे जाऊन उभे राहतात.

मला सोडवायला कुणी येऊ नका. आधी त्या माणसाला खड्ड्यातून बाहेर काढा.