वाफ्यातली गाडी

नगरपालिकेच्या रस्ते विभागात तिला सगळे ‘पाणसळ’ म्हणत. गवंड्याच्या सपाटी तपासायच्या पाणसळीसारखं, टेबल जरा तिरकं असलं तरी हिला चैन पडत नाही, अशी कारकुनांची तक्रार होती. शिक्षण संपवून नुकतीच अभियंता म्हणून लागली होती, आणि मोठ्या साहेबांबद्दलचं तिचं मत पहिल्याच आठवड्यात पक्कं झालं होतं: हा माणूस उतारावर उभा राहिला तरी पाणी कुठं जातंय ते शिपायाला विचारील.

साहेबांचं ताजं कर्तृत्व म्हणजे ‘समन्वय’. शहराचा नियम असा, की रस्त्याकडेच्या वाफ्याभोवती वीतभर उंच, सलग सिमेंटची कड हवी. पाणलोट मंडळाचा नियम असा, की रस्त्यावरचं पावसाचं पाणी त्याच वाफ्यात उतरून मुरलं पाहिजे. दोहोंची सांगड घालायला समिती बसली. बऱ्याच बैठका झाल्या, त्याहून बरीच बिस्किटं संपली, आणि समितीनं ठरवलं: दोन्ही नियम पाळावेत.

त्याप्रमाणे चढावरच्या नव्या वस्तीत पहिला रस्ता झाला. खोलगट वाफे, तळाशी खडी, वर झाडं, आणि भोवती एकही फट नसलेली कड. रस्त्यावरचं पाणी आत येईना, झाडं माना टाकायला लागली. तेव्हा साहेबांनी प्रत्येक वाफ्याला नळ दिला. पावसाचं पाणी जिरवायला खणलेले वाफे आता लोकांच्या वाट्याचं पिण्याचं पाणी पीत होते, आणि पावसाचं पाणी कडेकडेनं ऐटीत खाली जात होतं.

खाली म्हणजे तिच्या मावशीकडे. उताराच्या टोकाला मावशीचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता, रस्त्यापेक्षा पायरीभर खोल. पाणी आत आलं की पुठ्ठे पुऱ्या फुगाव्यात तसे फुगत. “आणखी एकदा भिजले, की मी कुलूप लावणार,” मावशीनं सांगून ठेवलं होतं. ती उगाच बोलणारी बाई नव्हती.

आता रस्ता पुरा झाल्याच्या दाखल्यावर पाणसळची सही हवी होती. सही झाली, की चढावरच्या बाकी सगळ्या रस्त्यांना हाच नमुना.

तिनं पाण्याचा टँकर मागवला, सोबत एक गवंडीही. साहेब चकचकीत बूट घालून हजर झाले.

“सही तेवढी राहिलीय तुमची.”

“पाणी सोडून बघू. मग करते.”

पाणी सुटलं. एकाही वाफ्याकडे न वळता ते थेट मावशीच्या दारात जाऊन थडकलं. मावशी केरसुणी घेऊन बाहेर आली.

“आज तर पाऊसही नाही. तरी पोचवलंत? सुधारणा आहे.”

“या कोण?” साहेबांनी विचारलं.

“माझी मावशी.”

“अच्छा. म्हणजे प्रकरण घरगुती आहे.”

“पाणी सगळ्यांकडेच जातं, साहेब. मावशीकडे आधी जातं, एवढंच.”

साहेबांनी बूट वाचवत पाऊल मागं घेतलं. “मुळात ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही. नियमात पावसाचं पाणी म्हटलंय. हे टँकरचं.”

ते थट्टा करताहेत का, हे तिनं नीट न्याहाळून पाहिलं. नव्हते करत. या डोक्यात विचार शिरायलाही फट ठेवलेली नाही, असं तिच्या मनात आलं.

“कड जागोजागी फोडू या,” ती म्हणाली.

“कड सलग हवी. बदलायचं तर पुन्हा समिती नेमावी लागेल.” ‘समिती’ म्हणताना त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, याला पटवत बसलीस, तर माझे पुठ्ठे पोहायला शिकतील,” मावशी पाणी लोटत म्हणाली.

पाणसळचा संयम संपला. “गाडी आत न्यायला तर नियमानं कड तोडता येते ना? मग द्या प्रत्येक वाफ्याला वाहनप्रवेश.”

तिनं हे निव्वळ टोचायला म्हटलं होतं. साहेब मात्र विचारात पडले.

“पण गाडी कोणाची?”

“नियमात ते विचारलेलं नाही.”

“नियमात विचारलेलं नाही,” साहेब घोळवून घोळवून म्हणाले. “बरोबर आहे. मग वाहनप्रवेश. समिती नको, काही नको. हुशार आहात हो तुम्ही.”

कौतुक तिला शिवीसारखं लागलं. पण गवंड्यानं तिथल्या तिथं पहिल्या काही वाफ्यांची कड फोडली, आणि टँकरचं पाणी पुन्हा सोडलं. या खेपेला पाणी पहिल्या फटीशी घुटमळलं, आत वळलं, खडीत उतरलं. उरलंसुरलं पुढच्या वाफ्यांनी घेतलं. मावशीच्या पायरीपर्यंत थेंबही आला नाही. केरसुणी भिंतीला टेकवून मावशी दारातच बसली.

साहेबांनी बदलाला मान्यता लिहायला घेतली. मग पेन तसंच हातात धरून थांबले.

“एक धोका आहे. प्रवेश दिलाय म्हणून उद्या कोणी खरंच गाडी घातली तर? प्रत्येक फटीपाशी पाटी लावून घ्या: ‘वाहनांना प्रवेश नाही’. पाटी नाही, तर मान्यता नाही.”

तिनं तोंड उघडलं. मावशी तिच्याकडे रोखून बघत होती.

“केवढी पाटी, साहेब?” पाणसळनं विचारलं.